थंड घे, दादा!

अमेरिकेहून आलेल्या चुलतभावाच्या बॅगेत काय असतं? चॉकलेटं, परफ्यूम, शेजाऱ्यांना वाटायला बदाम. आमचा दादा एप्रिलमध्ये शिकागोहून नांदेडला आला, तर त्याच्या बॅगेत होता लांब दांड्याचा थर्मामीटर. आणि डोक्यात होती बिअर. प्यायची नाही हो, बनवायची!

दादा तिकडे गॅरेजमध्ये हौसेने बिअर बनवतो. तिकडे ते चालतं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली, तेव्हापासून दोन प्रौढ माणसांच्या घराला स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर बनवता येते. आपल्याकडे? महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. परवान्याशिवाय घरी बिअर बनवली तर तो सरळ गुन्हा. त्यामुळे मंडळी, पुढे जे काही घडलं ते नुसत्या पाण्यावर, हे आधीच सांगून ठेवते.

दादाचा प्रॉब्लेम होता चिलर. मॉल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचा आणि मग झटपट २० अंशांपर्यंत आणायचा. झटपट का? एक तर गरम वर्टमध्ये यीस्ट टाकलं तर ते मरतं. दुसरं, कोमट गोड पाणी म्हणजे जंतूंना जेवणाचं आमंत्रण. आणि तिसरं, फिक्या मॉल्टचा वर्ट फार वेळ गरम राहिला तर बिअरला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो.

दादाने हौसेने सेकंडहँड प्लेट चिलर घेतला होता. विटेएवढा डबा, आत स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर. एका थरातून गरम वर्ट, शेजारच्या थरातून गार पाणी. काम एकदम फास्ट. पण हॉप्सचा चोथा त्या फटींत अडकला की संपलं. डबा उघडता येत नाही. वापरल्या-वापरल्या उलट्या बाजूने पाणी मारायचं, मग गरम क्लीनर फिरवायचा, मग परत पाणी, मग पूर्ण निथळू द्यायचं. दादाने एकदा कंटाळा केला. त्यानंतरच्या दोन बॅचेस आंबल्या आणि सिंकमध्ये गेल्या. ‘जे आतून दिसत नाही, ते साफ झालं असं मानायचं नाही,’ हे ज्ञान त्याला चाळीस लिटर बिअर ओतून मिळालं.

दुसरा प्रकार, नळीत नळी. आतल्या नळीतून वर्ट, बाहेरच्या नळीतून उलट्या दिशेने पाणी. तिथेही आतलं दिसत नाही, म्हणून तेच दुखणं. राहिला तिसरा, सगळ्यात साधा. तांब्याची गुंडाळी. ती थेट वर्टमध्ये बुडवायची आणि आतून पाणी सोडायचं. वर्ट बाहेर, पाणी आत. जे साफ करायचं ते डोळ्यांसमोर. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पातेल्यात सोडली की निर्जंतुकही होते.

नांदेडला वजिराबादेतल्या फ्रिज-एसीच्या एका दुकानातून आम्ही तीन सुताची, पंधरा मीटर मऊ तांब्याची नळी घेतली. डब्याभोवती हळूहळू गुंडाळली. घाई केली की नळी मुडपते आणि पाणी अडतं. पण टेस्टिंग नांदेडला? काकांसमोर? दादाची छाती नव्हती. कॉइल गाडीत घातली आणि आम्ही थेट लातूरला, आमच्या घरी.

‘काय करायलास रे बाबा हे?’ आईने दारातच विचारलं.

‘काकू, दूध गार करायचं यंत्र आहे.’

‘वीस लिटर? म्हैस कुठं बांधलीस, शिकागोला?’

दादा गप्प. आई हसली आणि आत गेली. पण नवी कॉइल तेलकट आहे हे तिने बरोबर ओळखलं. साबणाने धुऊन झाल्यावर तिने चिंचेचं पाणी आणून दिलं. दादा तिकडे पाणी घातलेलं व्हिनेगर वापरतो, काम तेच. तांबं दर वेळी लखलखीत करायची गरज नाही, तपकिरी झालं तरी चालतं. हिरवट डाग मात्र काढायलाच हवा, तो विषारी. ब्लीच कधीच नाही. ब्लीच तांब्याला काळं करतं आणि स्टीलला खड्डे पाडतं. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो. आणि शेवटी कॉइलमधलं पाणी फुंकून काढायचं, कॉइल कोरडी करूनच ठेवायची.

सकाळी सातला टेस्ट सुरू. पातेल्यात वीस लिटर उकळतं पाणी, वरच्या टाकीला जोडलेली कॉइल, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा पाइप दादाने सोडला मोरीत.

‘थांब!’

आईचा असा आवाज मी फार वर्षांनी ऐकला. तिने पाइप उचलला, बादलीत धरला आणि मागे बादल्यांची रांग लावली.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. मी तेव्हा पुण्यात मास कॉमच्या कॉलेजात ‘जलदूत’चे फोटो फॉरवर्ड करत होते. आई इथे घागरी मोजत होती. त्या वर्षाबद्दल ती फारसं बोलत नाही. फक्त पाणी मोरीत जाताना तिला बघवत नाही.

आता रिझल्ट. टाकीतलं पाणीच ३१ अंश होतं. पंचवीस मिनिटांत पातेलं ३७ वर आलं आणि तिथेच अडकलं. पंधरा लिटरच्या चार बादल्या भरल्या. म्हणजे वीस लिटर गार करायला साठ लिटर, तरी काम अर्धवट! शिकागोला हिवाळ्यात नळालाच फ्रिजचं पाणी येतं, इथे कॉइल कितीही भारी घेतली तरी ती नळाच्या पाण्यापेक्षा गार करू शकत नाही.

मग जुगाड. घरातल्या कूलरचा पंप काढला, बादलीत बर्फ आणि थोडं पाणी घेतलं, आणि तेच पाणी कॉइलमधून फिरवत राहिलो. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा आईचा नियम. धार बारीक, पण पाच किलो बर्फात पातेलं २० वर आलं. बर्फ सुरुवातीलाच टाकला असता तर उकळत्या पाण्याने तो फुकट खाल्ला असता. आधी पाणी, शेवटी बर्फ, हा हिशोब पक्का.

ऑस्ट्रेलियातले बरेच हौशी लोक तर चिलर वापरतच नाहीत. गरम वर्ट जाड प्लास्टिकच्या हवाबंद कॅनमध्ये भरतात आणि रात्रभर ठेवून देतात. पाण्याचा खर्च शून्य.

आणि मोठ्या ब्रुअरीज? वर्ट गार करताना तापलेलं पाणी त्या टाकीत साठवतात आणि पुढच्या बॅचला वापरतात. मी हे आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिची पहिली बादली तेलकट भांड्यांना गेली होती, दुसरी आंघोळीला, उरलेल्या दोन कपड्यांना. ‘मग त्यात नवीन काय?’ ती म्हणाली.

तेव्हा चिलर निवडताना दोनच प्रश्न. आतून साफ झालेला दिसतो का? आणि त्यातून निघालेलं पाणी कुठे जातं? दुसरा प्रश्न पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत बसल्यावर मीही विचारणार आहे.

मागच्या महिन्यात दादाचा फोटो आला. शिकागोचं गॅरेज, आपली कॉइल आणि पाइपच्या टोकाखाली ओळीने चार बादल्या. मी तो आईला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला.

‘त्याला म्हणावं, दूध बेतानं पी.’