‘फायबर खा’ हा सल्ला अर्धवट आहे

काशीदला पर्यटकांसाठी घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एक ताई वाढलेलं वजन आणि बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन आल्या. पाहुण्यांना त्या नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि पांढरा कांदा वाढतात. स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ ‘हाय फायबर’ बिस्किटं खातात आणि रात्री इसबगोल घेतात. “डॉक्टर, एवढं फायबर घेते, तरी वजन का उतरत नाही?”

चूक त्यांची नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्यांची आहे, आणि ‘फायबर वाढवा’ एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलावणाऱ्या आम्हा डॉक्टरांचीही आहे.

आधी बिस्किटांचा हिशोब करू

आपल्या देशाच्या नियमानुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ६ ग्रॅम तंतू असले की ‘हाय फायबर’ छापता येतं. ८ ग्रॅमच्या एका बिस्किटात मग जेमतेम अर्धा ग्रॅम तंतू येतो. दिवसाची गरज २००० कॅलरींच्या आहारामागे सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे साठ बिस्किटं! सोबत साखर आणि तेल येतं ते वेगळंच. उलट नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत अशी अकरा बिस्किटं मावतात. पण भाकरीवर जाहिरात छापलेली नसते. पांढऱ्या तांदळात मात्र हेच तंतू ३ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणून रोज तांदळाचीच भाकरी आणि वर भात, हेही बदलायला हवं.

सगळे तंतू सारखे नसतात

गव्हाच्या कोंड्यातले न विरघळणारे तंतू मुख्यतः मळाचं आकारमान वाढवतात. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. त्याने पोट साफ होतं, जेवणानंतरची साखर हळू चढते, वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. पण आतड्यातले जिवाणू तो फारसा खात नाहीत. त्यांचं अन्न वेगळं असतं: कांदा-लसणातलं इन्युलिन, फळांतलं पेक्टिन, ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन, कच्ची केळी आणि कडधान्यांतला न पचणारा स्टार्च. हे आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन. याच आम्लांमुळे ‘पोट भरलं’ असा संदेश देणारी संप्रेरकंही स्रवतात.

२०२४ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना वेगवेगळे तंतू देऊन पाहिले. वजनवाढ रोखली ती फक्त बीटा-ग्लुकनने. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे लगेच ओट्सची पोती आणू नका. माणसांत निव्वळ तंतूंनी वजन थोडंच उतरतं. पण तंतू बदलला की परिणाम बदलतो, एवढं यातून नक्की कळतं. म्हणून एकच पावडर रोज घेण्यापेक्षा ताटात विविधता हवी.

मग करायचं काय?

अलिबागच्या रस्त्यावर माळांनी टांगलेला पांढरा कांदा, परसातली गवार, कडवे वाल, कच्ची केळी हे सगळं तुमच्या दारात आहे. बिस्किटं बंद करा. एका जेवणात नाचणीची भाकरी, रोज एक वाटी कडधान्य किंवा डाळ, दोन भाज्या आणि एक अख्खं फळ घ्या. मधुमेह असेल तर भाकऱ्या मोजूनच खा, कारण नाचणीतही पिष्ट असतंच.

हे हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. पाणी पुरेसं प्या. इसबगोल बंद करायची गरज नाही, पण तो ग्लासभर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून दोन तासांच्या अंतराने घ्या. कांद्याने पोट फार बिघडत असेल तर जबरदस्ती नको. किडनीचा आजार असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त जात असेल किंवा प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, तपासणी करून घ्या.

ताईंना मी नवीन औषध दिलं नाही. “पाहुण्यांना वाढता ते आधी स्वतःच्या ताटात घ्या,” एवढंच सांगितलं. तुम्हालाही तेच सांगतो.