बाबांची जीप बोटीत चढते तेव्हा

दोस्तांनो, शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ उभं राहून कधी गाड्यांच्या पाट्या वाचल्यात? एमएच २१ म्हणजे आपला जालना, २३ बीड, २० छत्रपती संभाजीनगर. मधूनच पंजाबचा एखादा ट्रक. येणारच! हा राष्ट्रीय महामार्ग ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राजवळ संपतो.

आता समजा, तुमच्या बाबांची एमएच २१ पाटीची जीप हाच पूल ओलांडून लंडनला निघाली तर?

जाऊ शकते बरं का! पश्चिमेची सरळ वाट पाकिस्तानातून जाते, पण अटारीचे नाके एप्रिल २०२५ मध्ये बंद झाले. म्हणून कुणी नेपाळ-चीनमार्गे जातात, तर कुणी न्हावाशेवा बंदरात गाडी कंटेनरमध्ये घालून आखाताकडे पाठवतात. वीस फुटी कंटेनरात एक मोटार बसते. टाकीत थोडंसंच तेल ठेवायचं, बॅटरीची वायर काढायची आणि चाकं पट्ट्यांनी घट्ट आवळायची. बोट हलली तरी गाडी हलता कामा नये!

ऑस्ट्रेलियाला जायचं असेल तर आणखी एक काम. आपली काळी माती चाकाला चिकटली की सुटता सुटत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. तिथले अधिकारी गाडीच्या पोटाखाली वाकून चिखल शोधतात. मातीतून परकं बी किंवा कीड आली, तर त्यांच्या शेतीचं नुकसान होईल ना! माती सापडली की गाडी पुन्हा धुवा, तीही मालकाच्या खर्चानं.

पण खरी गोम आहे कागदात. परदेशी गाडी आणून तिथेच विकली, तर त्या देशाचा कर बुडतो. म्हणून गाडीचाही एक ‘पासपोर्ट’ लागतो. त्याचं नाव कार्नेट. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ सालची संस्था हे काम पाहते. कार्नेट मागणाऱ्या प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. शिवाय भलीमोठी हमी द्यावी लागते, कधी गाडीच्या किमतीहूनही जास्त! बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर गाडी तिथेच ठेवली असं धरून कर मागतात.

आणि गाडी चोरीला गेली तर? मुंबईचे योगेश आळेकरी २०२५ मध्ये मोटारसायकलवरून इंग्लंडपर्यंत पोचले. पुढे आफ्रिकेत जायचा बेत होता. २८ ऑगस्टला नॉटिंगहॅमच्या एका बागेजवळून त्यांची गाडीच पळवली, सामानासकट. त्यात पासपोर्टही गेला. हजारो किलोमीटर नीट येऊन नाश्त्याच्या वेळात हे घडावं! अशा वेळी आधी गाठायचे पोलीस. गाडी विकली नाही, चोरीला गेली, हे पटवायला त्यांचा कागदच कामी येतो.

कार्नेटवर गाडीचा चेसिस नंबर लिहितात. एक अक्षर चुकलं तरी नाक्यावर अडकलात! आजकालच्या मोटारींचा हा नंबर १७ खुणांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळी वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून! बाबांकडून गाडीची कागदपत्रं मागून घ्या आणि गाडीवरचा नंबर ताडून पाहा. टॉर्च लागेल, आणि हातही काळे होतील.