ऑफसाइड कळतो, ऑक्सिजनचं काय?

२० एप्रिल २०२१ ची रात्र. बाहेर कडक निर्बंध, टर्फला कुलूप आणि आमचा फुटबॉलचा व्हॉट्सअॅप ग्रुप पहाटेपर्यंत पेटलेला! विषय अर्थातच सुपर लीग. युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी रविवारी वेगळी चूल मांडली आणि मंगळवारी रात्री त्यातल्या सहाही इंग्लिश क्लबांनी शेपूट घातली. चेल्सीचे फॅन्स स्टॅम्फर्ड ब्रिजबाहेर रस्त्यावर उतरले, त्यांची समजूत काढायला पीटर चेकला बाहेर यावं लागलं. अब्जाधीश मालक दोन दिवसांत ताळ्यावर! काय भारी वाटलं होतं राव.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. काळारामाचं दार भाविकांसाठी बंद. दुपारी बातमी आली ती द्वारकेजवळच्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाची. ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि २२ रुग्ण गेले. सगळीकडे पांढरा धूर पसरलेला तो व्हिडिओ नाशिककर विसरणार नाही. त्या टाकीत ऑक्सिजन द्रवरूपात असतो, उणे १८३ अंशांच्या आसपास. त्याचा वायू होतो आणि पाइपातून तो बेडपर्यंत जातो. जातो तो दाबावर. दाब गेला की व्हेंटिलेटर समोर असूनही उपयोग नाही.

ग्रुपवर दिवसभर कुणी काही टाकलं नाही. संध्याकाळी एकच मेसेज आला, ‘कुठे बेड मिळेल का?’

मला तेव्हापासून एक गोष्ट छळतेय. फॅन्सनी मालकांना नमवलं, कारण फॅनला क्लबची खडान्‌खडा माहिती असते. मालक कोण, कर्ज किती, कोणाचा करार कधी संपतोय... खांदा ऑफसाइड होता की काख, यावर आपण अर्धा तास भांडतो. पण आपल्या शहरातल्या रुग्णालयाच्या टाकीत साठा किती, जोडीला सिलिंडर किती, झडपा कोण तपासतं? हे त्या बुधवारच्या आधी कितीजणांनी विचारलं होतं? नंतर चौकशी समिती नेमली गेली, मदत जाहीर झाली. व्हीएआरचा रिप्ले मागतो तितक्या चिकाटीने अहवाल मागणारे आपल्या वयाचे लोक किती?

मग १२ जून. युरो, कोपनहेगन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पूर्वार्ध संपत आला असताना ख्रिश्चन एरिक्सन उभ्या उभ्या कोसळला. हृदय बंद! कॅप्टन सिमॉन केअर धावला, डॉक्टर आत आले, सीपीआर सुरू झाला, यंत्राने विजेचा झटका दिला आणि माणूस परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ब्रेंटफर्डकडून पुन्हा खेळलासुद्धा. लोक चमत्कार म्हणाले. मला नाही पटत. यंत्र जागेवर होतं, चालू होतं आणि ते वापरणारी माणसं तयार होती. सीपीआर आणि झटका न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, त्यामुळे ‘यंत्र वरच्या मजल्यावर आहे, चावी साहेबांकडे’ असला प्रकार तिथे चालत नाही.

म्हणून हल्ली रात्री दहाचा स्लॉट बुक करताना मी रेटबरोबर आणखी तीन गोष्टी विचारतो. एईडी, म्हणजे तेच झटक्याचं यंत्र, आहे का? स्टाफपैकी कुणाला सीपीआर येतो का? आणि १०८ ची अॅम्ब्युलन्स आली तर गेटसमोरच्या बुलेट कोण हलवणार? आमच्या नेहमीच्या टर्फवाल्याने अभिमानाने फर्स्ट एड बॉक्स काढून दाखवला. आत एक क्रेप बँडेज आणि संपलेला स्प्रे.

या महिन्यापासून वर्गणीत प्रत्येकी पन्नास रुपये जास्त काढतोय, एईडीसाठी. आर्सेनलवाल्यांनी जरा कुरकुर केली, पण दिले.