ड्रोन ऐकणारे फोन: खरी परीक्षा घड्याळाची

शत्रूचा ड्रोन शोधायचा म्हटलं की डोळ्यांसमोर मोठं रडार येतं. युक्रेनने मात्र या कामासाठी खांबांवर मायक्रोफोन आणि मोबाइल बसवले आहेत. या जाळ्याचं नाव 'स्काय फोर्ट्रेस'. एका सेन्सरचा खर्च साधारण 400 ते 500 डॉलर, आणि असे हजारो सेन्सर देशभर लावलेत.

कारण सोपं आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवरच्या रडारला खूप खालून उडणारी वस्तू लांबून दिसत नाही. पण शाहेद ड्रोनचं इंजिन मोपेडसारखं फटफटतं. तो आवाज लपत नाही.

मग फोनने आवाज ऐकला की झालं काम? नाही. खरं काम तिथून पुढे, सॉफ्टवेअरचं.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शाहेदचा वेग ताशी 180 किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 50 मीटर. सेन्सर 3.4 किमी लांब असेल तर आवाज पोहोचायला 10 सेकंद लागतात. तोवर ड्रोन 500 मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे सेन्सर सांगतो ड्रोन कुठे होता. मॉडेलला काढायचं असतं तो आत्ता कुठे आहे. ही माहिती मशीनगन घेऊन गाड्यांतून फिरणाऱ्या तुकड्यांकडे जाते. त्यांच्यासाठी 500 मीटर खूप झाले.

तीन-चार सेन्सरना आवाज किती फरकाने ऐकू आला यावरूनही जागा काढता येते. पण त्यातल्या एकाचं घड्याळ 2 सेकंद चुकलं, तर अंतराच्या हिशेबात 680 मीटरची गडबड! दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नसली की माझी लॉग तपासण्यात एक संध्याकाळ जाते. इथे माणसं जातात.

हे आधी घडलंय. 25 फेब्रुवारी 1991, सौदी अरेबियातलं धाहरान. अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सलग 100 तास चालू होती. तिचं सॉफ्टवेअर वेळ 0.1 सेकंदात मोजायचं, पण बायनरीत 0.1 नेमका लिहिताच येत नाही. बारीक चूक साठत साठत 0.34 सेकंदांवर गेली. वेगवान स्कड क्षेपणास्त्र यंत्रणेने भलत्याच जागी शोधलं. 28 अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोहोचलं दुसऱ्या दिवशी.

मे 2025 मध्ये आपल्याकडे 'आकाशतीर' बातम्यांत आलं. वेगवेगळ्या रडारची माहिती जोडून एकच चित्र दाखवणं, हेच त्याचंही काम. म्हणून अशी बातमी वाचताना मी सेन्सर किती, किंमत किती यावर थांबत नाही. घड्याळ चुकलं, नेटवर्क गेलं, शेजारून खरीच मोपेड गेली, तर सॉफ्टवेअर काय करतं? सिम्युलेशनमध्ये हे सगळं मुद्दाम बिघडवून बघितलंय का? जाळ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, ते या उत्तरावर ठरतं.