बॅट हजारांची, डोळा कुणाचा?

गावची जत्रा झाली, की अंथुर्ण्यापासून भवानीनगर-वालचंदनगरपर्यंत टेनिस बॉल क्रिकेटचे मंडप उभे राहतात. खेळणारे कोण? कारखान्यातून पाळी करून आलेले, डेअरीला दूध घालून आलेले, दोन लेकरांचे बाप. खेळू देत बापडे! पारावर तंबाखू मळण्यापेक्षा बरंच. पण मैत्रिणींनो, त्यांच्या हातातली बॅट कधी नीट पाहिलीत?

तिला 'स्कूप' म्हणतात. पाठीचं लाकूड कोरून काढायचं, कडा जाड ठेवायच्या. त्यामुळे ती हलकी होते, जोरात फिरते. चेंडूही जड टेनिसचा, लागला की ठणका आठवडाभर. आणि समोरच्या बॉलरच्या डोक्यावर? फार तर टोपी.

"लाकडानं काय होतंय, ताकद मनगटात लागते," असं पोरं सांगतात. मग 2017 साली क्रिकेटच्या नियमांत बॅटची कड 40 मिलिमीटरपेक्षा जाड नको, असं का घातलं? अमेरिकेत मोठी माणसं हौसेनं सॉफ्टबॉल खेळतात. तिथं नव्या बॅटींमुळे चेंडू इतका सुटायला लागला, की संघटनेला बॅटीच्या चाचणीत ताशी 98 मैलांची मर्यादा घालावी लागली. त्या वेगानं आलेला चेंडू 50 फुटांवरच्या बॉलरला गाठायला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा घेतो. पापणी लवायची खोटी! आपल्या गावच्या स्पर्धेत मात्र बॅटला माप लावताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

1998 साली ढाक्यात आपला रमण लांबा फलंदाजाजवळ बिनहेल्मेटचा उभा होता. फटका डोक्याला लागला आणि तो गेला. तो लेदरचा चेंडू होता, हे खरं. पण डोळ्याला टेनिसचाही पुरतो. अन् कमावत्या माणसाचा डोळा गेला तर खाडे कोण भरून देणार? मंडळ तर नाहीच.

शिवाय मजा तरी कुठं उरली? पूर्वी एकेक धाव पळून काढायचे, झेल घेतला की सगळं गाव ओरडायचं. आता चेंडू उठून थेट उसात. फिल्डिंगवाले शोधतायत, बाकीचे उभे! ज्याची बॅट महाग, त्याचाच संघ भारी.

माझं म्हणणं एवढंच, की प्रवेश फीतून मंडळानंच साध्या चार बॅटी घ्याव्यात, दोन्ही संघांनी त्यांनीच खेळावं. बॉलर आणि पंचाला हेल्मेट द्यावं, लेकरांना दोरीपासून लांब बसवावं. चषकाची उंची वीतभर कमी झाली तरी चालेल. आणि आपण? फीचे पैसे घरातूनच जातात ना, मग पुढच्या खेपेला हातावर ठेवण्याआधी हेल्मेटचं विचारून घ्या.