तात्पुरत्या चाळीसची मुदत कधी संपणार?

मा. कार्यकारी अभियंता यांस,

बोगदा कोणता, हे आपल्याला सांगायला नको. अर्ज, स्मरणपत्रे, त्यांच्या पोचपावत्या सगळे आपल्या दप्तरी आहे. प्रश्न एकच आहे. दोन पावसाळे उलटले, तरी बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी पिंपाला तारेने बांधलेला ताशी ४० किमी वेगमर्यादेचा फलक अजून तिथे का आहे?

तो लावला तेव्हा कोणी कुरकुर केली नव्हती. छतातून धार लागली होती, ग्राउटिंग चालू होते, आत माणसे उभी होती. सह्याद्रीच्या कातळाला भेगा असतात, लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा येतो, त्यातून पाणी झिरपते. घाटात राहणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पण यंत्रे गेली, मजूर गेले, फलक तेवढा राहिला. आज भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ आहेत, पाणी वळवायला ठोकलेला पत्रा एका बाजूने सुटून लोंबतो आहे, दिवे एकाआड एक बंद आहेत. काम मात्र कुठेच चालू नाही.

आता कायद्याचे बोलू. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ११२. वेगमर्यादा कमी करायची तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. सूट फक्त एक महिन्यापेक्षा जास्त न टिकणाऱ्या निर्बंधाला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी विनाअधिसूचना तात्पुरतेपणाचे आयुष्य एक महिना. आपल्या फलकाला अधिसूचनेचा आधार असेल, तर तिचा क्रमांक आणि तारीख द्या. मी हे लेखी विचारले, उत्तर आले, ‘काम प्रगतिपथावर आहे.’ मी कामाचे विचारलेच नव्हते.

दीड किलोमीटरच्या बोगद्याला ४०ने सव्वादोन मिनिटे लागतात, ८०ने मिनिटाहून थोडे जास्त. ‘एका मिनिटासाठी एवढे अर्ज?’ असे आपल्या कार्यालयात मला ऐकवण्यात आले. मिनिटाचे कोणाला पडले आहे? प्रश्न जिवाचा आहे. चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाड्यांना केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेने ८०ची मुभा दिली, आणि आत काम नाही हे ट्रकवाल्यांना पाठ झाले आहे. ते ८०नेच शिरतात. जो नियम पाळून ४०ने चालतो तो सेकंदाला ११ मीटर जातो, मागचा ट्रक २२. साठ मीटरवर ट्रकवाल्याला पुढची गाडी दिसली, तर साडेपाच सेकंदांत तो तिच्या डिकीवर. त्यात उन्हातून अंधारात शिरलेल्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. बोगद्याच्या तोंडाशी सगळ्यात जास्त उजेड ठेवायचा तो याचसाठी. आपल्याकडे तिथलेही दिवे बंद आहेत! मी ४०वर येतो तेव्हा धोक्याचे चारही दिवे लावून, आरशात बघत येतो. मागून अप्पर मारत, हॉर्न वाजवत ट्रक अंगावर येतो. शेजारी बसलेली आई डोळे मिटून घेते.

आणि जो घाबरून वेग वाढवतो त्याला चलान. कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि अवजड वाहनाला २,००० ते ४,०००. भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्याची एका फेरीची कमाई त्यात जाते. कॅमेरा बसवायला आपल्या यंत्रणेला वेळ मिळाला, दिवे बदलायला मिळाला नाही. हा हलगर्जीपणा आहे, आणि तो आपल्या सहीने चालू आहे.

सर्वांत वाईट वाटते ते याचे, की आता त्या फलकावर कोणाचा विश्वास उरलेला नाही. उद्या आत खरोखर गिलावा कोसळला, तर चालकांना सावध करायला आपण कोणता फलक लावणार?

छत अजून धोक्याचे असेल, तर तपासणीचा अहवाल जाहीर करा, दुरुस्तीची शेवटची तारीख फलकावरच लिहा. आम्ही ४०ने जाऊ, ट्रकही ४०नेच जातील एवढा बंदोबस्त ठेवा. धोका नसेल तर फलक उतरवा. अधिसूचना निघालेलीच नसेल, तर पहिल्या महिन्यानंतरची सगळी चलाने रद्द करण्याची शिफारस पोलिसांकडे आपणच करा. दिव्यांसाठी मात्र कुठल्याही कागदाची वाट पाहू नका. तोंडाकडचे दिवे या आठवड्यात लागले पाहिजेत.

आपला,
या बोगद्यातून रोज जाणारा एक वाहनचालक