खलांचा जमाखर्च

दुष्ट मनुष्य म्हणजे मोठ्याने हसणारा, भुवया चढविणारा आणि कमरेला खंजीर लावणारा प्राणी, ही समजूत आपल्या चांगल्या नाटककारांनी फार पूर्वी मोडीत काढली आहे. असे असता ती एका खेळाच्या द्वारे आमच्या सुशिक्षित घरांत पुन्हा शिरू पाहत आहे, म्हणून चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्या खेळाचे नाव. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. आणि आज रत्नागिरीसारख्या गावीही सुटीला घरी आलेली कॉलेजातील मुले माडीवर कोंडाळे करून तो खेळताना दिसतात. एक जण सूत्रधार होतो, इतर प्रत्येकी एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आणि एका कल्पित राज्यातील साहसांचा निकाल संभाषणाने व फाशांनी लावला जातो. खेळ बुद्धीचा आहे, आणि तो खेळणाऱ्या मुलांविषयी आमचे मुळीच वाकडे मत नाही.

या खेळात दोन मोहिमांच्या मधल्या रिकाम्या दिवसांसाठीही नियम आहेत. २०१४ सालच्या सूत्रधाराच्या ग्रंथात धंदा चालविण्याचे एक कोष्टक दिले आहे. शंभरांतला एक आकडा फाशांनी काढावयाचा, धंद्याकडे जितके दिवस लक्ष दिले तितके त्यात मिळवावयाचे, मात्र तिसाहून अधिक नाही. बेरीज २० किंवा तिच्या आत आली तर रोजच्या खर्चाच्या दीडपट रक्कम पदरची भरावी लागते. ४१ ते ६० आली तर धंदा आपला खर्च आपण भागवितो. ६१ पासून पुढे नफा. प्रामाणिक खानावळवाल्यास एवढा हिशेब पुरेसा आहे. गिऱ्हाईक कधी येते, कधी येत नाही. फासा ही त्याच्या नशिबाची बरी प्रतिमा होय.

परंतु पात्रेच दुष्ट घ्यावयाची ठरली म्हणजे काय करावयाचे? तरुण मंडळींनी यावर काढलेली तोड अशी की, कोष्टक तेच ठेवावे, खानावळीच्या जागी जुगाराचा अड्डा म्हणावे, नफ्याचा आकडा थोडा वाढवावा आणि पकडले जाण्याचा एक फासा अधिक टाकावा. खुद्द २०१७ सालच्या पुरवणी ग्रंथातील गुन्ह्याचे नियम याच धर्तीचे आहेत. एक आठवडा व २५ मोहोरा खर्चून सावज हेरावयाचे. अडचणीतील व्यापारी असेल तर ५० मोहोरा, सधन असेल तर १००, सरदार असेल तर २००, आणि गावातील सर्वांत मोठा धनिक असेल तर १,०००. ज्याला लुटले त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे कोणास कारणच पडत नाही. तो मनुष्य नसून किंमतीची चिठ्ठी आहे.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. या नियमांत दुष्टपणा मोहिमेत घडतो आणि रिकाम्या दिवसांत दुष्ट मनुष्य आपला विसावा घेतो, असे गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. खरा दुष्टपणा रिकाम्या दिवसांतच घडतो. तो पेढीवर बसून, कान टोचलेल्या कारकुनाकडून, दिवा लागण्यापूर्वी उरकला जातो. ज्याला हे पटत नसेल त्याने महाराष्ट्राचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळून पाहावा.

दख्खनेतील सावकाराने कुणब्याच्या मानेवर सुरी ठेविली नाही. त्याने दस्तऐवज ठेविला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षे ठरले. ऋणको अनंत काळ अडकून राहू नये हा त्याचा हेतू. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून व्याज मुद्दलात मिळविले आणि नवा रोखा लिहून घेतला. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल होऊ नये असा दामदुपटीचा जुना दंडक होता. तोही या युक्तीने निष्प्रभ झाला, कारण कालचे व्याज आज मुद्दल होऊन बसले. वाचकांनी स्वतः आकडा मांडून पाहावा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी सुमारे २९६ चा. नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चा. या नऊ वर्षांत कोठे फासा पडला? कोठे तलवार उपसली गेली? कायद्याचे एकही कलम मोडले नाही, आणि शेत मात्र गेले.

आमच्या कोकणातले उदाहरण याहून जवळचे. खोत हा सरकार व कुळे यांच्यामधला सारा वसूल करणारा वतनदार. अर्धेलीच्या जमिनीत पिकाचा निम्मा भाग त्याचा, वर वेठ निराळी. सर्वच खोत मनाने क्रूर होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक दानधर्मी होते, आणि त्यांच्या वंशजांत आमचे स्नेही आहेत. पण व्यवस्थेचा विशेष असा की, क्रूर होण्याची त्यांस गरजच पडत नसे. खळ्यावर भात मापले जाई, आणि मापणाऱ्याच्या अंतःकरणात काय आहे याने मापात फरक पडत नसे. दुष्ट पात्र रंगविणाऱ्याने शिकावे असे यात पुष्कळ आहे.

आमच्या नाटककारांना हे कळले होते. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘शारदे’त अनर्थाचे यंत्र कोण फिरवितो? म्हातारा भुजंगनाथ हा तर गिऱ्हाईक, आणि लोभी कांचनभट हा विक्रेता. दोघांना गाठून सौदा जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित हा धंद्याने दलाल आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही. त्याच्या नफ्याची रक्कम म्हणजे एका मुलीचे आयुष्य, आणि हे प्रेक्षकाच्या दृष्टीआड होऊ दिले नाही यातच देवलांचे सामर्थ्य आहे. उद्या कोणी त्या नाटकातून शारदेलाच वगळून केवळ दलालीचे आकडे ठेविले, तर उरेल ते नाटक कसले?

तेव्हा दुष्ट पात्रांसाठी धंद्याचे नियम बदलावयाचेच असतील, तर आमची सूचना तीन कलमांची आहे. पहिले: फासा नफा देणार नाही. नफ्याची प्रत्येक मोहोर ज्याच्या घरातून आली त्याचे नाव, गाव व राहिलेली माणसे खेळाडूने वहीत लिहावी. सूत्रधाराने त्या माणसांना पुढील मोहिमेत बोलते करावे. कोणी वाट दाखविणारा म्हणून भेटेल, कोणी विष घालणारा म्हणून. दुसरे: खर्चाची बाजू बदलावी. प्रामाणिक दुकानदाराचा खर्च भाडे, तेल व मीठ यांचा. दुष्टाचा खर्च म्हणजे इतरांच्या मौनाची किंमत: कारकुनाचे मौन, चावडीवरच्या अंमलदाराचे मौन, आपल्याच दांडग्यांचे मौन. ही किंमत दर महिन्यास वाढते, कारण गप्प बसणाऱ्याला आपल्या गप्प बसण्याचे मोल दिवसेंदिवस अधिक कळू लागते. तिसरे व मुख्य: लोकांच्या सोशिकतेचा एक आकडा सूत्रधाराने गुप्तपणे राखावा, आणि तो संपला की कोष्टक मिटवून ठेवावे.

त्यानंतर काय होते हेही इतिहासाने लिहून ठेविले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला, आणि पाहता पाहता दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पोचला. लोकांना हवे होते ते सोने नव्हे, कागद. वह्या व रोखे बाहेर काढून जाळण्यात आले; म्हणजे सावकाराची खरी तिजोरी कोणती हे निरक्षर कुणब्यास उत्तम ठाऊक होते. चार वर्षांनी, १८७९ साली, कायदा झाला आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. १९३३ साली कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली याहून शांत व याहून भयंकर उपाय योजिला. त्यांनी नांगर धरला नाही. निम्मे पीक हक्काचे खरे. पण काहीच न पिकलेल्या शेताचे निम्मे किती? हा संप १९३९ पर्यंत चालला. मध्यंतरी १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ साली तसा कायदा झाला. धंद्याच्या कोष्टकातील कोणता फासा असला प्रसंग उभा करू शकेल?

यावर दोन बाजूंनी हल्ला होईल हे आम्ही जाणून आहो. वडील मंडळी म्हणतील, मुलांनी दुष्टांची सोंगे घ्यावीच कशाला? त्यांस आमचे उत्तर असे की, भद्रेश्वराचे काम करणारा नट दुसऱ्या दिवशी स्थळांची दलाली करू लागत नाही. सोंगाने मन बिघडत नाही. ज्या सोंगात परिणामच नाहीत त्याने ते बधिर होते, आणि तो दोष आम्ही काढू पाहतो. तरुण म्हणतील, हिशेबाच्या वह्या आम्ही नोकरीत लिहूच, खेळात तरी त्या नकोत. पण बाबांनो, तुमचे कोष्टक हेही हिशेबाचीच वही आहे, आणि तिच्यात एक बाजू कोरी ठेवून तुम्ही खेळाची सारी रंगत घालविता. आपल्याच वहीत नाव असलेला मनुष्य आज दारात उभा आहे, हे कळताच ज्या खलाच्या छातीत धस्स होते, त्याची भूमिका करावयास अधिक मजा, की ‘दोन मोहोरा नफा’ ऐकून पुढच्या गड्यास फासे देणाऱ्याची?

आजची मुले उद्या बँकांत, कंपन्यांत आणि कचेऱ्यांत बसणार आहेत. तेथे त्यांच्यापुढे येणारे कागद रक्ताने माखलेले नसतील. स्वच्छ असतील, आणि त्यांवर ज्याचे नुकसान व्हावयाचे त्याचे नाव बहुधा नसेल. ते नाव कोठे गेले असे विचारण्याची खोड माडीवरच्या खेळात जरी लागली, तरी ती सुटी फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही.